सत्तेचाळीस नंबरचा थर

दोनशे बारा नंबरची बस समोरून गेली आणि ती रस्ता ओलांडता ओलांडता मध्येच थांबली. मागून येणारा माणूस "चला हो बाई" म्हणून खेकसला, तेव्हा ती चार पावलं टाकून दुभाजकावर चढली आणि तिथंच उभी राहिली. बस तिची नव्हती. त्या बसनं ती आयुष्यात कधी कुठं गेली नव्हती आणि ती कुठून कुठं जाते हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी बसच्या कपाळावरचा आकडा डोळ्यात कुसळासारखा रुतून बसला. दोनशे बारा. हा आकडा आपण कुठंतरी पाहिलाय, आणि पाहिलाय म्हणजे अगदी कालच पाहिलाय, असं वाटत राहिलं. दूधवाल्याची चिठ्ठी? दवाखान्यातलं टोकन? दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि मग एकदम आठवलं. काल संध्याकाळी पावणेसहाला, एका हातानं पर्सची चेन लावत, दुसऱ्या हातानं तिनं पडद्यावरच्या एका प्रश्नाला हो म्हटलं होतं. एक थर तक्त्यात सापडला नाही, दोनशे बारा आकृत्या वगळल्या, पुढे जायचं का? हो. संगणक हजारदा असलं काहीबाही विचारतो आणि माणूस हजारदा हो म्हणतो. पण काल संध्याकाळी हे वाक्य तिनं वाचलंच नव्हतं. डोळ्यांनी वाचलं होतं आणि मनाला सांगायचं राहून गेलं होतं, ते आज बसनं येऊन सांगितलं.

काम म्हटलं तर सोपं होतं. चिप तयार करणाऱ्या कारखान्याला चिपचा नकाशा फाइलमधून जातो. जुना कारखाना बंद होत होता, नव्या कारखान्याला फाइल नव्या फॉरमॅटमध्ये हवी होती, आणि जुन्या फॉरमॅटमधून नव्यात ती उतरवून द्यायची एवढंच तिच्याकडे होतं. जुना फॉरमॅट चुंबकीय फितींच्या काळातला, तिच्याहून वयानं वडील. फितीचा शेवटचा तुकडा रिकामा राहू नये म्हणून तो फाइलीच्या शेपटाला अजूनही शून्यं ओतत बसायचा, फिती भंगारात जाऊन जमाना झाला तरी. चौकोन काढायचा तर तो चार कोपरे सांगून थांबायचा नाही, पाचव्यांदा पुन्हा पहिलाच कोपरा लिहायचा, म्हणजे आकृती बंद झाली याची खात्री. नवा फॉरमॅट हुशार. चार कोपरे सांगितलेत ना, मग पाचवं मी समजून घेतो, असा त्याचा खाक्या. तिला मनातून जुनाच आवडायचा. निघालो तिथं परत आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मात्र एका बाबतीत दोघेही सारखेच अडाणी होते. कुठली आकृती तांब्याची, कुठली खालच्या मातीतली, कुठली दोन मजल्यांना जोडणारा खिळा, यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. त्यांच्याकडे फक्त थरांचे नंबर. नंबराचा अर्थ वेगळ्या तक्त्यात असतो, आणि तक्ता हरवला तर फाइलीतलं सगळं जागच्या जागी असूनही काही कळेनासं होतं. तिची आई शिवणकाम करायची. तिच्याकडे खिळ्याला टांगलेले खाकी कागदांचे कितीतरी साचे असत, पाठ, बाही, गळा, आणि त्यांच्यावर नुसते आकडे. लहानपणी ती एकेक कागद काढून विचारी, "हे कुणाचं?" आणि आई मान वर न करता सांगे, पोस्टातल्या बाईंचं, कोपऱ्यावरच्या मावशींचं. आई गेल्यावर ते साचे तिनं एकदा जमिनीवर पसरून पाहिले होते. तेवढ्या बायकांची मापं समोर पडलेली, आणि एकीचंही नाव सांगता येत नव्हतं.

दुभाजकावरून उतरताना तिला सकाळचा चहा आठवला. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, कानातलं यंत्र समोर बशीत काढून ठेवलेलं. त्याच यंत्रातली ही चिप. हे त्यांना तिनं एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे घरातलं कमी पडतं म्हणून माझ्या कानातसुद्धा तूच का?" यंत्र दहा वर्षांचं झालं होतं. नवीन तऱ्हेची दोन आणून झाली, दोन्ही परत गेली. त्यात म्हणे सगळे लोक डब्यात बसून बोलतात. हेच हवं, आणि हे तर आता खरखरायला लागलेलं. तसलं दुसरं मिळायला ही चिप नव्या कारखान्यातून बाहेर पडायला हवी होती. "आज जाते तुमची फाइल," ती सकाळी मोठ्यानं म्हणाली होती. सासूबाईंनी यंत्र कानात घातलं, "काय?" म्हणून विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. "नीट बघून पाठव गं," त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांचं ऐकायचं नसतं, पण कुणाचं ऐकायचं नाही ते मी ठरवणार." आणि यंत्र परत बशीत.

ऑफिसात पोचल्यावर तिनं डबासुद्धा खाली ठेवला नाही. फाइल उघडली. पडद्यावर रोजचे रंग आले, निळे, लाल, पिवळे पट्टे एकावर एक. रोज दिसतात तेवढेच. बाजूच्या यादीत ती खाली खाली गेली. पंचेचाळीस, सेहेचाळीस, आणि मग सत्तेचाळीस, ज्याच्यापुढचा, थर दाखवायचा-लपवायचा छोटा डोळा मिटलेला होता. ही यादी उघडताना काही थर मिटलेलेच येतात, कुणीतरी कधीतरी तशी सोय करून ठेवलेली, आणि ती सोय मोडायचं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं डोळा उघडला. सगळ्या चिपवर पांढरे चौकोन उमटले. एके ठिकाणी दाटीनं, एके ठिकाणी एकेकटे, प्रत्येक चौकोन कशाच्या तरी भोवती अगदी बेतून बसवलेला. सगळं विसरून ती नुसती बघत राहिली. अकरा वर्षं ही चिप तिच्या हाताखालून जात होती. तिच्यातला कुठला पट्टा कुठं वळतो हे तिला घरच्या जिन्यासारखं पाठ होतं, आणि त्याच घरात एवढे पाहुणे अंधारात बसून होते. कोण हे? इथं काय करताहेत? भीतीच्याही आधी तिला वाटलं ते कुतूहल, आणि स्वतःचं तिला थोडं नवल वाटलं, कारण असं काही वाटून बरेच दिवस झाले होते.

भीती मागोमाग आलीच. चौकोन बसले होते ते नाजूक जागांवर. कानात येणारा बारीकसा आवाज सगळ्यात आधी जिथं पोचतो त्या जुळ्या ट्रान्झिस्टरांभोवती, जिथं इकडची कुजबुज तिकडे जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करावा लागतो तिथं. नवा कारखाना रिकाम्या जागी आपणहून धातूचे ठिपके भरतो, पृष्ठभाग सपाट राहावा म्हणून. तसं भरायचं नसेल तिथं एका वेगळ्या थरावर चौकोन काढून बजावावं लागतं, इथं भरू नका. सत्तेचाळीस म्हणजे तेच बजावणं असेल तर काल तिनं एका टिचकीत दोनशे बारा ठिकाणची बंदी उठवली होती. नाजूक जागांवर धातू बसणार, आणि चार महिन्यांनी तयार होऊन येणारी प्रत्येक चिप खरखरणार. नसेल तसं, तर काहीच बिघडत नव्हतं. नुसत्या आकाराकडे पाहून सांगता येत नव्हतं. तक्त्यात सेहेचाळीसपर्यंत प्रत्येक नंबराचा अर्थ लिहिलेला होता, सत्तेचाळीससमोर फक्त एक आडवी रेघ. जुना कारखाना तक्त्यात नसलेलं मुकाट्यानं गाळायचा, म्हणून इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. पण जुना कारखाना रिकाम्या जागा भरतही नसे, त्यामुळे त्याच्या मुकाटपणावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

मॅनेजर तिच्याहून आठ वर्षांनी लहान, चांगला मुलगा, बोलताना सतत घड्याळाकडे बघणारा. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं.

"मग वगळायचा का ठेवायचा?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही म्हटल्यावर कुणाला माहीत असणार?"

"ज्यांनी काढलाय त्यांना."

"मग विचारा ना. चार वाजता पाठवायचीय. आज चुकली तर त्यांच्या रांगेत आपला नंबर पुन्हा सगळ्यात शेवटी." तो गेला. विचारा ना, म्हणाला. त्याला काय जातंय, तो तेव्हा इथं नव्हता.

काढणाऱ्याला सगळे पट्टीकाका म्हणत. काम सगळं पडद्यावरचं, तरी शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी असायची, म्हणून पट्टीकाका. ती रुजू झाली तेव्हा त्यांनी तिला "नवी" म्हटलं, आणि पुढं पाच वर्षं, तिच्यानंतर चार जण लागले तरी, नवी तीच राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एक फाइल उघडून दिली आणि म्हणाले, "काय दिसतं?" तिनं दिसलं ते सांगितलं. "आणि जे दिसत नाही ते?" मग त्यांनी यादीतले सगळे डोळे एकेक करून उघडले. "फाइल कुणाचीही असो, आपली असली तरी, आधी सगळे लेअर पेटवायचे. मग काय मिटायचं ते मिटव." वर्ष-दोन वर्षं तिनं ते इमानानं केलं. नंतर काम वाढलं, हात बसला, आणि हात बसला की डोळे आळशी होतात. काकांना तिचं काम पसंत आहे की नाही ते कधी कळायचं नाही. ती झालेला तुकडा त्यांच्याकडे देई, ते "ठेव" म्हणत, दोन दिवसांनी तो मुख्य नकाशात बसलेला असे. ना शाबासकी, ना बोलणी. याचा तिला राग यायचा. शेजारच्या टेबलावरचा येताजाता कान उपटून घेई, पण निदान त्याच्याकडे कुणी पाहतंय हे त्याला कळत असे.

आणि मग ती मीटिंग. त्या मीटिंगची आठवण ती नेहमी एकाच बाजूनं काढत असे, चूक ती चूक, या बाजूनं. चिप कारखान्यात जायच्या आधीची शेवटची तपासणी, भिंतीवर नकाशा मोठा करून दाखवलेला, मोठे साहेब हजर. काकांच्या एका तुकड्यात जोडखिळ्यांची रांग होती. बत्तीस हवे होते, एकतीस होते. नियम मोडत नव्हता, म्हणून तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं काही म्हटलं नव्हतं. तिनं ते आदल्या दुपारीच पाहिलं होतं. काकांचं टेबल तिच्यापासून सात पावलांवर होतं. ती सात पावलं ती गेली नाही, रात्रभर वाट पाहिली आणि भिंतीसमोर उभी राहून बोट दाखवून मोजलं, एक, दोन, तीन, एकतीसपर्यंत. कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "नजर आहे हं बाईंना." काकांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं." एवढंच. तीन महिन्यांनी, मुदतीच्या दोन वर्षं आधी, ते घरी बसले. त्यांची खुर्ची तिला मिळाली. पट्टी खणातच राहिली होती, ती हल्ली त्या पट्टीनं पाकिटं फोडत असे. निरोपाच्या दिवशी ती आजारपणाची रजा टाकून घरी होती, आणि आजारी मुळीच नव्हती.

बारा वाजून गेले तरी ती फोन हातात घेऊन बसली होती. चिपचं भिजत घोंगडं तिथंच. त्यांचा नंबर अकरा वर्षांत दोन फोन बदलले तरी सोबत आला होता. बंद असेल तर बरं, असा एक भ्याड विचार मनात येऊन गेला. मग पडद्यावरच्या पांढऱ्या चौकोनांकडे नजर गेली आणि तिला जाणवलं की आता सासूबाई, चिप, चारची मुदत हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी आपल्याला हे जाणून घ्यायचंय. तिनं नंबर दाबला.

"कोण?"

"काका, मी... नवी बोलतेय."

पलीकडे काहीतरी खणकन वाजलं. "थांब जरा. स्टुलावर आहे, पंखा पुसतोय. उतरतो आधी. तुझ्याशी बोलताना पडलो तर उगाच तुला लागून राहील." पावलांचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज. "हं. बोल."

तब्येत कशी आहे, घरी सगळे बरे ना, अशी चार वाक्यं तिनं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "काका, सत्तेचाळीस नंबरचा लेअर कसला आहे?"

"अकरा वर्षांनी फोन केलास तो हे विचारायला?"

"हो."

"छान प्रश्न आहे." ते खरंच खूश झाल्यासारखे वाटले. "पाच वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहिली. तुला वाटायचं मी कपाळाला आठ्या घालून बसतो. मी वाट बघत बसायचो."

"काका, चार वाजता फाइल जातेय. ती भरायची बंदी आहे का? धातू टाकू नका म्हणून?"

"नाही, नाही. चिपवर जायचं नाही ते. खुशाल वगळ."

तिचा जीव भांड्यात पडला, पण फोन ठेवावासा वाटेना. "मग आहे काय?"

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"आधी सगळे लेअर पेटवायचे."

"पेटवलेस?"

"आज पेटवले."

"मग आता एकेका चौकोनाच्या आत बघ. प्रॉपर्टीत लिहिलंय. फोन चालू ठेवून वाचू नकोस, मला पंखा पुसायचाय. वाचून झाल्यावर वाटलं तर कर. नाही केलास तरी माझं काही म्हणणं नाही."

या जुन्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक आकृतीला चिठ्ठी, काका म्हणाले ती प्रॉपर्टी, बांधायची सोय आहे. चिठ्ठी नकाशात दिसत नाही, चिपवर छापली जात नाही, विचारलं तरच समोर येते. तिनं डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारली. फाइलीला आपली अक्षरं कळत नाहीत, म्हणून काकांनी परक्या अक्षरांत आपले शब्द बसवले होते, आणि वाचायला तोंडानं पुटपुटावं लागत होतं. तारीख. मग: नवी. जुळ्यांपैकी डाव्याला शेजारी नाही. दिला. तिला आधी कळलंच नाही. जुळ्या ट्रान्झिस्टरांना दोन्ही बाजूंनी सारखा शेजार लागतो, नाहीतर ते सारखे वागत नाहीत. हे तिला आता झोपेतही सांगता आलं असतं. दुसरा चौकोन. नवी. बारीक तार, मोठा प्रवाह. रुंद केली. तिसरा. नवी. गोंगाटाची तार कानाजवळून नेली. फिरवली. चौथा. नवी. पाचवा. नवी. ती तुकड्यांची नावं पाहू लागली आणि एकेक ओळखीचं निघालं. हा तिचा, हाही तिचा, हा पहिल्या पावसाळ्यातला, हा लग्नाच्या रजेवरून आल्यावरचा. "ठेव" म्हणून घेतलेले सगळे तुकडे. ते दोन दिवस तिचं काम काकांच्या टेबलावर काय करत होतं, ते आता दिसलं. कुणाला न सांगता त्यांनी ते दुरुस्त केलं होतं, आणि प्रत्येक जागी खूण करून ठेवली होती, तिनं कधीतरी डोळा उघडावा, विचारावं, हे काय म्हणून. विचारलं असतं तर शेजारी बसवून दाखवलं असतं. तिनं विचारलं नाही. उभं राहून एकतीस खिळे मोजले.

तिला लाज वाटली, इतकी की तिनं आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं. त्या भिंतीसमोर त्यांनी एकच केलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते त्यांनी केलं नाही. एक डोळा उघडायचा, आणि सगळ्यांना पांढरे चौकोन दाखवायचे. सात पावलांचीही गरज नव्हती, माउस त्यांच्याच हातात होता. आणि तरीही या लाजेतून तिला वाचायचं थांबवता येईना. हळूहळू चुका कमी होत गेल्या होत्या. पहिल्या वर्षी दाटी, दुसऱ्या वर्षी विरळ, पाचव्या वर्षी सारे चार. कुणीतरी पाच वर्षं आपल्याला शिकताना पाहिलं आहे हे तिला अकरा वर्षांनी कळत होतं. ती मोजत गेली. दोनशे नऊ, नवी. दोनशे दहा, नवी. दोनशे अकरा, नवी.

शेवटचा चौकोन तिच्या तुकड्यावर नव्हता. तो जोडखिळ्यांच्या रांगेवर होता, जिथं आता बत्तीस होते. तारीख मीटिंगची. चिठ्ठीत नेहमीसारखंच, ना कमी ना जास्त: काका. एक खिळा कमी. नवीनं पकडलं. घातला.

डोळे पुसायला रुमाल सापडेना म्हणून तिनं डब्याचा नॅपकिन घेतला. त्याला लोणच्याचा वास येत होता.

साडेतीनला मॅनेजर आला. "काय ठरलं?"

"वगळायचा. पाठवा."

"म्हणजे काल होती तीच फाइल? मग सकाळपासून एवढं काय पाहिलंत?"

"काल न बघता हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "आज बघून म्हणतेय." त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि तो गेला. तिनं नव्या कारखान्याला फाइल जाऊ दिली. ऑफिसच्या कपाटात राहणाऱ्या प्रतीत मात्र तिनं तक्ता उघडला, सत्तेचाळीससमोरची रेघ खोडली आणि लिहिलं, छापायचा नाही, काढूनही टाकायचा नाही. मग बराच वेळ विचार करून तिनं त्याच थरावर, चिपच्या बाहेरच्या रिकाम्या कडेला, जिथं कशालाच अडचण होणार नाही अशा जागी, एक लहानसा चौकोन काढला. चार कोपरे, आणि पाचव्यांदा पहिलाच. त्याला चिठ्ठी बांधली. आजची तारीख. नवी. लेअर न पेटवता हो म्हटलं. फोन केला.

मग फोन केला.

"झाला पुसून पंखा?" तिनं विचारलं.

"केव्हाच. किती निघाल्या चिठ्ठ्या?"

"दोनशे तेरा."

"बारा होत्या," काका म्हणाले. "मी मोजून ठेवल्या होत्या."

"आता तेरा आहेत."

पुन्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, या वेळी ती जवळ ओढून घेतल्याचा, आणि मग पहिल्या दिवशीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बरं, सांग. कुठं चुकलीस?"

ती सांगायला लागली.